सतरावी चिठ्ठी

४ नोव्हेंबर २००३, नाशिक
केलं ते बरं की वाईट, कळत नाहीये.

आज आमच्या संस्थेची पाहणी माझ्याच गावात होती. गेल्या हंगामात परदेशी गेलेली द्राक्षं तोडण्याआधी शेवटचं औषध कधी मारलं — खरा प्रश्न एवढाच. तोडणीआधी पंधरा दिवस फवारणी बंद, असा नियम. चाळीस बागायतदार चिठ्ठ्या टाकून निवडायचे. चिठ्ठ्या द्राक्षगटाकडून लिहून आलेल्या. गटातल्याच मालनबाई कळशीतून एकेक काढत होत्या, मी वाचत होते. सतरावी उघडली — अण्णांचं नाव! माझे वडील, आणि गटाचे अध्यक्षही तेच. "कोरी निघाली," मी म्हणाले, पर्समध्ये टाकली आणि दुसरी काढायला लावली. अण्णा समोरच बसले होते.

सत्तावीस वर्षांची संशोधनप्रमुख! नमुना कसा निवडावा यावर इतरांना व्याख्यानं देते मी.

७ नोव्हेंबर
मालनबाईंच्या घरी. आधी चहा, मग उत्तर. "तू कोंडाजीची पोर, तुज्यापाशी काय लपवायचं? आठ दिस आधी मारलं औषध. पंधरा दिस कोन थांबतंय? घडावर डाग पडला म्हंजे माल गेला. समदेच मारत्यात."
लिहून घेतलं. त्यांनी हातावर शेंगदाणे ठेवले.

१३ नोव्हेंबर
चाळीसपैकी सव्वीस जणांनी पंधरा दिवसांची मुदत मोडली! अहवालातला तक्ता क्रमांक चार. आणि आमच्या गटानं मुदत पाळली, असं निर्यातीच्या कागदांवर सही करून दिलंय कुणी? अण्णांनी.

१४ नोव्हेंबर
अण्णांना फोन केला. छाटणीवर बोललो. बस.

१८ नोव्हेंबर
दिल्लीहून आमच्या डायरेक्टरांचा फोन. अहवाल जिनिव्हाच्या व्यापार-बैठकीला जायचाय. युरोपचे नियम म्हणजे आपला माल अडवायची सबब, ही आपली भूमिका. "मग चौथा तक्ता कशाला? काढून टाका. देशाची बाजू लंगडी पडते." मी ताडकन म्हणाले, "आकडे लपवायचे नाहीत, सर!" मग — "सोमवारपर्यंत विचार करा."

फोन ठेवला आणि पर्समधली चिठ्ठी आठवली. कुठल्या तोंडानं बोलले मी हे? आणि खरं सांगायचं तर, 'काढून टाका' म्हणाले तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं — अण्णा वाचतील! लाज वाटते लिहितानासुद्धा. युरोपवाले तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? पण असली द्राक्षं तिथली पोरं खातात, त्याचं काय? डोकं चालत नाही.

२१ नोव्हेंबर
तक्ता काढला. परत घातला. परत काढला.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी गावचा झिपरू भाजीची गाडी घेऊन आला. मेथीच्या जुड्या आणि एक पाकीट — "आन्नानं दिलंय."

आत आमच्या पाहणीचाच फॉर्म. उरलेले गटाच्या कचेरीत राहिले होते, त्यातलाच. फॉर्मवर नावाला जागाच नाही. तरी वर ठळक अक्षरात: कोंडाजी देवराम. क्रमांक: सतरा. शेवटची फवारणी: तोडणीआधी सहा दिवस.

खाली दोन ओळी —
"उज्वला, लागलं तर नाव छाप.
चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. कोरी एकही नव्हती."