दुसऱ्या जाळ्यालाही खिडकी

रविवार, ९ मार्च

लाडक्या ठमे,

तुझ्या आईचे पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याला भीक घालत नाही, म्हणून हल्ली गप्प असतो. जावईबापूंचा खोकला गेला का? आणि तू डबा खातेस की तसाच परत आणतेस? फोनवर विचारलं की "हो गं आई" म्हणून मोकळी होतेस, म्हणून आज पत्र. शिवाय एका गोष्टीला मला तुझा होकार हवाय आणि ती फोनवर विचारायची छाती होत नाही. येईलच पुढे.

आधी कामाचं सांगते. आमच्या मासेमारी संशोधन केंद्राचा जाळ्यांचा प्रयोग तुला ठाऊक आहे. माशांची एवढीएवढीशी पिल्लं जाळ्यात मरतात, मग समुद्रात मोठं व्हायला उरणार कोण? म्हणून जाळ्याच्या पाठीवर मी मोठ्या भोकांची एक खिडकी बसवली. पिल्लं तिथून सटकतात, मोठी मासळी आत राहते. आता हे सिद्ध करायचं, तर एकाच बोटीमागे दोन जाळी ओढायची, एक खिडकीचं आणि एक नेहमीचं. वर काढली की दोन्हींतला मासा न् मासा पट्टीवर ठेवून मोजायचा. हात आठवडाभर धुतले तरी वास जात नाही, पण मला तो आवडतो हे तू जाणतेसच.

बोट दिली ती भोंग्याने. तोच गं तो बोट हाकणारा तांडेल, गेल्या वर्षी मच्छीमारांच्या सभेत उभा राहून "बाई, तुमचं जाळं म्हणजे बूड नसलेली बादली!" असं ओरडला होता तो. तेव्हा मी फोनवर त्याचा कसा उद्धार केला होता, आठवतं? आवाजच असा की बोट धक्क्याला लागायच्या आधी तो लागतो, म्हणून सगळे भोंगा म्हणतात. बोट दिली तीसुद्धा मला खोटं पाडायला. रोज माझ्या डोक्यावर उभा राहून मोजणी बघायचा. खिडकीच्या जाळ्यात पिल्लं नावाला आणि मोठी मासळी मात्र दोन्हीकडे सारखीच. एके दिवशी हळूच म्हणाला, "सुटतात की हो खरंच!" मला वाटलं, याचा घसा बसला.

आणि मग एका सकाळी दोन्ही जाळ्यांत सारखाच माल! नेहमीच्या जाळ्यातसुद्धा पिल्लं नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. खिडकीचा काही उपयोगच नाही, पिल्लं कुठेतरी भलतीकडेच गेलीत, असं मोठ्या साहेबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? वर्षभराची मेहनत पाण्यात! शेवटी वैतागून ते नेहमीचं जाळं धक्क्यावर पसरलं आणि उलटंपालटं केलं, तर काय! त्याच्याही पाठीवर खिडकी. माझ्यापेक्षा सुबक शिवलेली.

"हे कोणी केलं?"

"मी," भोंगा म्हणाला. चेहरा असा, की आता शाबासकीच मिळणार.

"का पण?"

"ते जाळं उघडलं की मेलेली पिल्लं बघून तुमचं तोंड एवढंसं होतं. रोज बघवेना मला."

"अहो, मग मी तुलना कशाशी करायची? तुमच्या डोक्याशी?"

त्या दिवशी भोंगा मी होते. सगळा धक्का काम सोडून ऐकत होता. तो बिचारा मान खाली घालून खिडकी उसवायला बसला आणि मला एकदम हसू फुटलं. बर्फाच्या पेटीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाबा गेल्यापासून मी अशी हसले नव्हते, ठमे.

ते दिवस अर्थातच बाद केले, मोजणी नव्याने केली आणि प्रयोग फत्ते झाला! मोठे साहेब खूश आहेत. मच्छीमारांच्या यंदाच्या सभेत भोंगा पुन्हा उभा राहिला आणि बाकीच्या बोटवाल्यांना खिडकी कशी शिवायची ते त्याने दाखवलं. "आमच्या दोघांचं काम आहे," म्हणाला. आमच्या दोघांचं, हे तो जरा जास्तच वेळा म्हणतो.

तुझ्या भुवया वर गेल्या ना? मला इथून दिसतात.

तर ऐक. त्याने मला विचारलं. आधी इतकं कुजबुजून, की मला ऐकूच आलं नाही. मग पुन्हा विचारलं ते सगळ्या बंदराने ऐकलं. मी म्हटलं, मला आवडेल, पण आधी लेकीला विचारीन. तर म्हणाला, "विचाराच. ती नको म्हणाली तर आपण नुसते मासे मोजू."

मागे मावशीने माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला तेव्हा तू भरल्या ताटावरून उठून गेली होतीस. मला राग नाही आला, पण धाक मात्र बसला. म्हणून एवढं गुऱ्हाळ लावलं. बाबांचा तो लांब रेनकोट मी बोटीवर अजून घालते. त्याचा खिसा फाटला होता. भोंग्याने नवा घ्या म्हटलं नाही, जाळ्याच्या दोऱ्याने तोच शिवून दिला आणि विचारलं, "फार उंच होते का हो ते?" मग मी बाबांबद्दल बोलतच सुटले आणि एवढा मोठा भोंगा गप्प बसून ऐकत राहिला.

मी आनंदात आहे गं. लपवायला जाते, पण ओठ ऐकत नाहीत. तू मनापासून काय ते कळव. हो असेल तर लगेच फोन कर. नको असेल तर जरा उशिरा कळव, तेवढे दिवस तरी माझे मजेत जातील.

तू नको म्हणालीस तरी तुझीच,
आई