सहाचे अठरा महिने

१२ डिसेंबर

साहेबांनी सगळ्या पहारेकऱ्यांना बोलावलं. परत पाठवायच्या परदेशी लोकांना जास्तीत जास्त अठरा महिने कोंडायची मुभा ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने दिली होती. आमच्या अथेन्सच्या संसदेने तिचा सरसकट नियमच करून टाकला! बोट दिलं की हात धरायचा, तो असा. आजवर सहा महिन्यांनी सोडायचो.

जहांगीरचे सहा उद्या भरतात. छावणीत सगळ्यांचे केस तोच कापतो, आम्हा पहारेकऱ्यांचेही. आज माझे कापताना म्हणाला, "स्त्रातीसभाऊ, बाहेर दुकान टाकतो. तुम्हाला कायम फुकट!" मी मानेवरचे केस झटकून उठलो. हुकूम उद्या साहेबच वाचणार होते.

१३ डिसेंबर

माझा नामदिन, माझ्या नावाच्या संताचा सण. ज्याचा नामदिन त्याने इतरांचं तोंड गोड करायचं, ही आमची रीत. बायकोने, फोतिनीने मधातली अक्रोडाची बिस्किटं करून दिली होती. म्हटलं, कडू बातमीआधी चार गोड घास जाऊ देत. साहेब यायच्या आधीच बराकीत वाटली. मूर्ख मी!

या कोंडलेल्या लोकांकडे मिठाई वाटतात ती आनंदाच्या बातमीची. डबा उघडला आणि एकच कल्ला— सुटलो! मिठ्या, नाच, पिशव्या भरणं. जहांगीरने माझा हात कपाळाला लावला. "म्हटलं नव्हतं? भाऊ देवमाणूस आहे!" तेवढ्यात साहेब दारात आले आणि त्यांनी हुकूम वाचला. अठरा.

खाटा मोडल्या. गाद्या पेटल्या. आमच्यातल्या पानोसचा जबडा फुटला, दात माझ्या बुटाशी पडले. "गोड चारून गळा कापता, हरामखोरांनो!" जहांगीर खाटेचा गज घेऊन माझ्यावर धावला. मी दांडका हाणला. तो पडला. गज सुटला. तरी मी मारतच राहिलो. तो रडत होता, ते बघवेना, म्हणून आणखी मारलं!

१४ डिसेंबर

शर्टावरचं रक्त निघत नाही. फोतिनी म्हणाली, "जाळून टाक." माझ्याकडे बघितलं नाही.

१६ डिसेंबर

जहांगीर इस्पितळात वारला. शुद्धीवर आलाच नाही.

साहेब म्हणतात, "गप्प राहा, लेका. स्वतःला वाचवलंस. आणि कायदा काय तू केलास? ब्रसेल्सचा आहे."

"दांडका ब्रसेल्सचा नव्हता!" मी त्यांची कॉलर धरली. दोघांनी ओढून काढलं मला.

१९ डिसेंबर

जहांगीरच्या वकिलाच्या अर्जावर कोर्टाचा निकाल आला. वाढीव मुदत आधी पकडलेल्यांना लागू नाही. तेराला सकाळीच त्याला सोडायला हवं होतं. मी मारला तो कैदी नव्हताच.