सुध्याची करंगळी

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

वरच्या आळीला पाणी चढत नाही म्हणून आज सभेत सुध्याने माझा राजीनामा मागितला. टेबल बडवून, तासभर. मी शाळेत शिकवायचे तेव्हा चौथीत माझ्याच वर्गात होता, आता विरोधी नगरसेवक. बोलता बोलता मध्येच अवघडला, आणि माझ्याकडे बघून चक्क करंगळी वर केली! सभागृह फुटलं. मीही हसले. नगराध्यक्षाने हसावं का? पण ती करंगळी! "जा, धावू नको," तोंडातून गेलंच माझ्या.

परत आला तो दारातच उभा, मान खाली. बाकीचे पुन्हा हसले. मला मात्र भरून आलं. मी "ये" म्हणेपर्यंत त्याने उंबरठा ओलांडला नाही. मग जागेवर बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "बाई, राजीनाम्याचं राहिलंय हां."