आरामखुर्चीतून हिवाळी मोहीम

१ डिसेंबर, संध्याकाळ
थंडी पडली. मुलं सोफ्यावर, एका पांघरुणात दोघं, चार डोळे एका टॅबवर आणि मध्ये बिस्किटांचा डबा. मोठी दहा वर्षांची, धाकटा सहाचा. दोघांचा मिळून व्यायाम काय, तर हात डब्यापर्यंत जाणे आणि परत येणे. बापाचं काळीज आहे, कालवलं. आजपासून मोहीम. हिवाळा संपेपर्यंत ही मुलं हरणासारखी पळाली पाहिजेत आणि त्यांनी गाजर मागून खाल्लं पाहिजे. बिस्किटं बंद. डबा जप्त करून माझ्या ताब्यात घेतला आहे.
शाळेचा मेसेजही आजच आला. जानेवारीअखेर खेळांचा दिवस. त्यात मोठीच्या वर्गाची जोडीची शर्यत आहे. मुलाने घरातलं एक मोठं माणूस निवडायचं आणि हात धरून दोघांनी मैदानाला फेरी मारायची. मोठी कोणाला निवडणार ते उघड आहे. उगाच विचारून तिला लाजवलं नाही.

२ डिसेंबर, सकाळी सहा
गजर झाला. बाहेर अंधार. अंधारात मुलांना पळवणं तब्येतीला बरं नसावं. आधी माहिती काढतो.

तोच दिवस, पावणेनऊ
सगळ्यांना उशीर झाला. माहिती काढायची राहिली.

५ डिसेंबर
मी फर्निचरच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. दिवसभर लोकांना 'बसून तर बघा' म्हणायचं, हे माझं काम. आज मागे कलणारी एक आरामखुर्ची मालकांनी स्टाफसाठी स्वस्तात काढली, कारण तिचं हँडल जरा अडकतं. मोहिमेसाठी लगेच घेतली. शिस्तीच्या कामाला एका जागेवरून नजर ठेवावी लागते. खिडकीशी ठेवली आहे, खालचं अंगण पूर्ण दिसतं. ही म्हणाली, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. हिला फर्निचरमधलं काही कळत नाही. उंटाला पाय ठेवायला फळी नसते.

९ डिसेंबर
हिचा भाऊ राहायला आला. नोकरी सुटली आहे, नवी मिळेपर्यंत राहणार म्हणे. 'म्हणे' मी मुद्दाम लिहिलं आहे. ऐन मोहिमेत घरात असला आळशी माणूस! दुपारी उठतो, केस विंचरत नाही. मुलं 'मामा, मामा' करत त्याच्या खांद्यावर चढून बसली. संगतीचा परिणाम होतो, हे मुलांना समजावून सांगायला हवं.

१२ डिसेंबर
हॉलमध्ये दोरीउड्या सुरू केल्या. मुलं बराच वेळ चुकीच्या पद्धतीने मारत होती, म्हणून मी एक करून दाखवली. एकच. खालच्या मजल्यावरचे वकील धावत वर आले. तुमचं कपाट पडलं का, कोणाला लागलं का, अशी चौकशी करत होते. मुलं उड्या मारत होती तेव्हा ते आले नाहीत, हे हिने लक्षात आणून दिलं. गरज नव्हती.
दोरीउड्या तूर्त स्थगित.

१५ डिसेंबर
आहार. गाजराचे लांब तुकडे करून वाटीत ठेवले आणि डोळे, दात, हाडं यांवर थोडक्यात बोललो. ही म्हणते पाऊण तास. मुलांनी मान डोलावून ऐकलं. नंतर ते सगळे तुकडे बाल्कनीतल्या कुंडीत खोचलेले सापडले. उगवतील, असं धाकट्याचं म्हणणं. मी स्वतः खाऊन आदर्श घालून देणार होतो, पण पोट भरलेलं होतं. कशाने, ते इथे लिहायचं कारण नाही. जप्त डबा खुर्चीच्या पायफळीमागे अगदी नीट मावतो.

२० डिसेंबर
मेहुणा मुलांना घेऊन खाली गेला. घरात पाय ठेवायला जागा नाही, खुर्चीने हॉल खाल्ला, असं कारण दिलं. जुने मोजे गुंडाळून चेंडू केला आणि तिघं अंधार पडेपर्यंत खेळत होती. मी खिडकीतून सतत सूचना देत होतो. काच बंद होती, पण हातवारे पोचले असतील. मुलं लाल गालांनी परत आली. टॅबची आठवणही काढली नाही.
मोहिमेला यश येऊ लागलं आहे.

२८ डिसेंबर
मेहुणा रोज खेळून आला की त्याला सपाटून भूक लागते, म्हणून तो सूप करतो. मोठी गाजर किसते, धाकटा मटार सोलतो. अर्धे मटार फ्रिजखाली जातात. तरी दोघांनी दोनदा वाढून घेतलं आणि मोठीने गाजराचा उरलेला तुकडा कच्चाच खाल्ला. माझं भाषण उशिरा का होईना, फळलं. मेहुण्याला तसं सांगितलं. तो हो म्हणाला. स्वभावाने गरीब आहे.

६ जानेवारी
मोठीने विचारलं, बाबा, खाली येतोस का, एक जण कमी पडतोय. उद्या नक्की, असं सांगितलं. आज गिऱ्हाईक फार होतं.

७ जानेवारी
पुन्हा विचारलं. उद्या.

८ जानेवारी
थंडी जास्त आहे. माझ्या वयाला एकदम सुरुवात करणं बरं नाही.

११ जानेवारी
आज विचारलं नाही. बरं झालं, मला नाही म्हणावं लागलं नाही. खिडकीतून बघत बसलो. धाकटा आता चांगला पळतो.

१८ जानेवारी
मी पूर्ण मागे कललेला असताना हँडल अडकलं. हाका मारल्या, पण सगळे खाली. वर आल्यावर चौघांनी मिळून मला काढलं. खुर्ची उलथी केली तेव्हा डबा घरंगळत बाहेर आला. रिकामा. धाकटा म्हणाला, उंदराने खाल्ली. मी म्हटलं, असेल. मोठी माझ्याकडे बघत राहिली.
उंदराला फार लाज वाटली.

२४ जानेवारी
मोठीने शर्यतीसाठी मामाचं नाव दिलं. मला हिच्याकडून कळलं. बाबाला वाईट वाटेल म्हणून तू सांग, असं मोठी तिला म्हणाली होती. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. जेवलो नाही, ते सूप पातळ होतं म्हणून.

तोच दिवस, थोड्या वेळाने
वाईट वाटलं. इथे लिहायला काय जातं, कोण वाचतंय!

३० जानेवारी
खेळांचा दिवस. मोठी आणि मामा दुसरे आले. दोघांचे कोट आणि मफलर माझ्याकडे होते. ओरडून ओरडून घसा बसला. शेजारच्या बाईंना सांगितलं, मुलगी माझी, ट्रेनिंगही माझंच. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.
मग पालकांची संगीत खुर्ची जाहीर झाली. म्हटलं, आता बघा! खुर्ची हा माझा धंदा. मोठीला हात केला आणि रिंगणात उतरलो. गाणं थांबलं, खुर्ची माझ्या पुढ्यातच होती. पण दुकानातली सवय. बसण्याआधी मी वाकून सीट तळव्याने दाबून बघितली. पाय डुगडुगतात का तेही बघितलं. तेवढ्यात एक आजोबा येऊन बसले.
पहिल्याच फेरीत बाद. मैदानभर हशा. आयुष्यभर लोकांना बसवलं आणि मी उभा! मोठीही हसत होती. पण परत येताना तिने माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

२ फेब्रुवारी
मेहुणा नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. मोठी खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. एक जण कमी आहे, येतोस का? उद्या म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. उठलो. बूट बांधतानाच धाप लागली, पण ते कोणाला दिसलं नाही.
खाली वकिलांच्या नाती आणि आमची दोन, असा संघ जमला होता. मी विचारलं, पुढे खेळू की मागे सांभाळू? मुलांनी बाजूला जाऊन चर्चा केली आणि मला गोलाचा खांब केलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बादली. मोठीने स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात घट्ट गुंडाळला आणि एकच सूचना दिली: बाबा, अजिबात हलू नकोस.
अंधार पडेपर्यंत हललो नाही. तीन वेळा चेंडू लागला, एकदा नाकावर. उद्यासाठीही जागा पक्की आहे. धाकट्याच्या मते मी बादलीपेक्षा बरा, वाऱ्याने पडत नाही.