मागून येणारी पावलं

आप्पा, आज मी पळताना मागं वळून बघितलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मागं काय ठिवलंय तुजं?" आणि मग दिवसभर माझ्याशी धड बोलला नसता. म्हणून आधी तेच सांगून टाकते, बाकीचं सावकाश.

पोलीस भरतीच्या तयारीला तुम्ही मला पहाटे उठवायचा, ते दिवस अजून आठवतात. आई चहाला आधण ठेवतेय आणि आपण दोघं दाराबाहेर. मिलिटरीतून पेन्शनवर आलेला बाप पोरीला उसाच्या रस्त्यानं पळवतोय, याची गावाला भारी गंमत. "सुबेदार, पोरीला पलटणीत घालताय व्हय?" असं कुणीतरी रोज विचारायचं आणि तुम्हाला ते ऐकूच यायचं नाही. तुम्ही पुढं कधी पळला नाहीत, शेजारीही नाही, कायम मागून. मी एकदा कारण विचारलं तर म्हणालात, "फुडं मानूस असला की तू त्येच्या पाठीकडं बघून पळशील. शेजारी असला की शर्यत लावशील. मागं असला की तुजं तू पळशील." एवढं लांबलचक तुम्ही आईशी तरी कधी बोलला होता का, कोण जाणे. पायात कॅन्टीनचे तपकिरी कॅनव्हासचे बूट. गुडघ्याच्या जुन्या दुखण्यामुळं तुमचं एक पाऊल जड पडायचं, एक हलकं. मी त्या आवाजावर पळायचे.

एकदा मागं बघायला गेले आणि गाडीतून पडलेल्या उसाच्या कांड्यावर पाय पडून तोंडावर आपटले. तुम्ही हात दिला नाहीत. मी उठेपर्यंत तिथंच जागेवर पळत राहिलात. त्या दिवसापासून मी मान वळवणं सोडलं. भरती झाले, सांगलीला आले, तुम्ही गेलात. तरी रोज पहाटे कृष्णेकाठच्या रस्त्यानं पळते, एकटी, सरळ समोर बघत. हे मुंबईत कामाला, महिन्यातून एकदा येतात. लेक पुण्यात. भाजी कितीही कमी केली तरी रात्रीला उरते आणि ती मीच खाते.

यंदा एका मिरजेच्या नर्सबाईनं मला गाठलं. घाटातल्या शर्यतीत पळायचं तिच्या डोक्यात बसलंय. माझ्याहून बरीच लहान, आणि तोंडाला विश्रांती म्हणून नाही. आज त्या शर्यतीआधीचा सगळ्यात लांबचा सराव होता, साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून वर पठारापर्यंत. तिच्या मावशीकडं आम्ही कालच मुक्कामाला आलो होतो. चढ लागला तशी ती म्हणाली, "ताई, तुमी फुडं व्हा, मी तुमच्या मागनं येते." मला बरं वाटलं. किती वर्षांनी माझ्या मागं कुणीतरी पळत होतं.

पहिल्या वळणांना ती बडबडत होती, मग गप्प झाली. म्हटलं, दम राखतेय. आणि काय झालं कळलं नाही, मीच बोलायला लागले. समोर बघत, धापा टाकत तुमच्याबद्दल सांगितलं, बुटांबद्दल सांगितलं. घरी आल्यावर कुलूप न काढता मी कितीदा पायरीवरच बसून राहते, हे मी लेकीलाही बोलले नव्हते, तेही सांगितलं. मागून पावलं येत होती. एक जड, एक हलकं. बराच चढ मी त्या आवाजावर सुखानं चढले. मग लक्षात आलं, ही पोरगी तर मांजरीसारखी पळते, हिच्या पावलांचा आवाज येतोच कुठं?

तेव्हा मी मागं बघितलं. वळणापर्यंत रस्ता मोकळा. कठड्यावर एक माकड बसलेलं, तेवढंच. मला रडू आलं, आप्पा. बाईमाणूस भर रस्त्यात उभी राहून रडतेय म्हणून एक दुधाची गाडीसुद्धा हळू झाली.

मग उतार धरून धावत खाली गेले. ती खूप खाली कठड्याला टेकून पोटरी चोळत बसली होती. पायात गोळा आला होता. "ओ ताई, किती हाका मारल्या तुमाला. मागं बघत न्हाई का काय तुमी?"

"सवय नाही गं."

"असली कसली सवय म्हणायची? मी मेले असते हितं."

तिचा पाय मांडीवर घेऊन, तुम्ही माझा चोळायचा तसा टाचेकडून वर चोळला. खिशातला गूळ-शेंगदाणा दोघींनी खाल्ला. परत फिरू या म्हटलं तर ऐकेना. मग तिला पुढं घातलं आणि मी मागं राहिले. उरलेला घाट आम्ही चढलो कसला, रखडलो. पण ती प्रत्येक वळणावर मान वळवून बघायची. तुमच्या शिस्तीनं मी रागवायला हवं होतं. मी आपली दर वेळी म्हणत राहिले, "आहे गं, आहे." पठारावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. तिनं मला मिठी मारली आणि पुढचा रविवार तिनंच ठरवून टाकला.

आता सांगलीत स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. लिहून झालं की कागद गुळाच्या डब्याखाली राहील, दुसरीकडं कुठं जाणार? एवढंच सांगायचं होतं की इतकी वर्षं मी मागं बघितलं नाही, ते तुमच्या धाकानं नव्हे. बघितलं नाही तोवर तुम्ही मागं आहात असं मला धरून चालता येत होतं. आज बघितलं.