अठ्ठावीस की पस्तीस

रविवार, संध्याकाळ. सेनगाव

अजून ठरत नाही. रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी माझी आवडती वाइड लेन्स कोणती, अठ्ठावीस मिलिमीटरची की पस्तीसची? काल कुणी विचारलं असतं तर अठ्ठावीस म्हणालो असतो. आज तिच्याकडे बघावंसं वाटत नाही.

चुलतबहीण रुखमी लग्नानंतर सासरी निघाली, त्या सकाळी इथून जवळच्या गोरेगावला काकांच्या अंगणात सगळ्यांचा फोटो काढला होता. अठ्ठावीसमध्ये जास्त माणसं मावतात म्हणून तीच लावली. आज प्रिंट घेऊन गेलो. रुखमी मधोमध, छान आलीय. पण कडेला उभ्या काकांचं तोंड आडवं ताणलेलं. या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसतच नाही, शेजारच्या काचेतून बघायचं. तो ताण कळणार कसा?

काकू बराच वेळ फोटो बघत राहिली. "यांचं तोंड असं काहून दिसून राहिलं?"

"लेन्समुळं, काकू. पस्तीसची लावली असती तर असं झालं नसतं. पण तिच्यासाठी मागं सरकावं लागतं, अन् माझ्या पाठीला मेंढरांच्या वाड्याला कुंपण म्हणून लावलेल्या काट्या होत्या."

काका शांतपणे म्हणाले, "काट्या मीच लावलेल्या व्हत्या. सांगितलं असतं तर सरकवल्या असत्या."

अख्खी सकाळ लेन्स बदलत बसलो, आणि काट्या सरकवता येतात हे मनातसुद्धा आलं नाही.

"दिवाळीला रुखमी येईल, तवा दुसरा काढ," काका म्हणाले.

काढीन. पण मी निघेपर्यंत काकूनं खिळा ठोकून हाच फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावलासुद्धा.