हौदातलं वेखंड

२४ ऑक्टो. ९३
स्वतःच्या हातानं केलेलं: विटांचा हौद, चार बाय अडीच फूट, आतून सिमेंट घोटलेलं, थेंब गळत नाही. छपराचं पाणी आणणारी पत्र्याची पन्हळ. गाळाची चाळणी. ट्रकच्या जुन्या पाट्याचं खुरपं. पुस्तक नाही, गुरू नाही.
हौदात वेखंड. वाळूजकडं कंपन्यांचे प्लॉट पडले तेव्हा ओढ्यातून उपटून आणलेलं. मग ओढाच बुजवला. तिथलं आता एवढंच.
सकाळी बघतो तर पुढचे कोंब गायब. सौ. नं शेजारच्या खालाबींना दिले, तान्ह्या नातवाचं पोट दुखतंय म्हणून. बाळंतिणीच्या घरी वेखंडाला नाही म्हणत नाहीत, पैसे घेत नाहीत, हे मलाही कळतं. पण मागचं जुनं टोक तोडावं ना. झाड कोंबातून पुढं सरकतं. जोरही जुन्या, वाळलेल्या कांडीत असतो. सांगून थकलो. सौ. म्हणे, "तान्ह्या लेकराला शिळं द्यायचं का?"
शिळं. भाजी आहे का ती.

७ नोव्हें.
बागेचा ठेकेदार आला, कुणी पत्ता दिला देव जाणे. वाळूजच्या एका कंपनीत कारंजं करतोय. डोंगरातून आणलेली आयरिसची फुलझाडं पाण्यात कुजली, म्हणून आता माझ्या हौदाकडं बघतोय. "निळी फुलं कधी येतात?"
पान त्याच्या हातात दिलं. मधली शीर एका बाजूला सरकलेली, बघा. चुरगळा, वास घ्या. हे वेखंड. फुलाच्या नावानं बोटाएवढं कणीस येतं, ते पण मनात आलं तर.
"तेच हो दादा, पाण्यातलं आयरिस."
चहा न देता वाटेला लावला.

डिसें., तारीख बघायला कॅलेंडर सापडत नाही
विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा बंद. टँकर नाही, नळ कोरडा. हौदाचा गाळ भेगाळायला लागला. माझी आंघोळीची बादली त्यात ओतली. दुसऱ्या दिवशीही. सौ. नं माझी चटई व्हरांड्यात टाकली.
कोंब आहेत, मोजके. आता कुणी हात लावायचा नाही, असं घरात बजावलं. कुणी ऐकलं का, माहीत नाही.

१४ जाने. ९४
नामांतर झालं. समोर कांबळेवहिनींच्या दारात निळा गुलाल, पेढे, आणि परवा झालेली नात. वहिनी संध्याकाळी आल्या. मी खुरपं पाठीमागं धरून उभा.
"भाऊ, वेखंड पायजे. कोंब नको, मागचं टोक द्या. तुमचं भाषण पाठ झालंय आता."
इतक्या वर्षांत ऐकणारं पहिलं माणूस. खुरपं पुढं घेतलं.
तिकडून त्यांचा मुलगा: "आई, पाचवी-बिचवी पुजायची नाय हां आपल्यात."
"घुटीला नेते रे बाबा. लेकराचं पोट तुझ्या मोर्च्याला भीत नसतंय."
जुनी कांडी स्वतः काढून, धुऊन दिली. लांबीला वीतभर. जरा जास्तच गेली.

१६ जाने.
ठेकेदार परत. आज नकाशा घेऊन. कारंज्याचा हौद गेटच्या डावीकडं, उंबराखाली.
मी विचारलं, दोन बुंध्यांचं उंबर का? "व्हय, ते तेवढं तोडलं नाही साहेबांनी."
त्याच उंबराच्या मुळाशी झरा होता. हे वेखंड तिथलंच. तिथं कारंज्याचं बारमाही पाणी असेल, इथं माझी बादली. नकाशावर उंबराभोवती बोट फिरवलं.
वर पाटी लावणार म्हणे, माझ्या नावासकट. म्हटलं, पाटीवर वेखंड लिहा. "साहेबांना आयरिस सांगून बसलोय, दादा." आणि बाळंतिणीच्या घरच्यांना कांडी लागली तर गेटपास कोण देणार, विचारलं. हसला.
नाही म्हणालो. पुढच्या रविवारी परत येतो म्हणून गेला.
रात्री सौ. नं पोळी वाढता वाढता विचारलं, किती देत होता?
सांगितलं, मुळासकट सगळं काढून न्यायचे रोख दोन हजार.